भरीत पार्टीचे आचारी आणि आमची पहिली पंगत

आधी कामाचं सांगते. यावल-फैजपूर भागात भरीत पार्टीसाठी आचारी कोण चांगला, असं कोणी विचारलं की मी सध्या एकाच माणसाकडे बोट दाखवते. नाव इथे लिहू नका, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. २०२४ च्या डिसेंबरच्या तारखा तेव्हाच भरल्या होत्या आणि फोन घेऊन घेऊन घरातली माणसं थकली होती. पण बामणोद भागात वांगी उतरतात तिथे विचारलं तर घर कोणीही दाखवेल. गावोगाव त्यांना आप्पा म्हणतात, मीही आप्पाच म्हणेन.

मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका होते. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, चहूबाजूंनी केळी, वर डोंगराकडे पावरा आदिवासींचे पाडे. पहिली ते सातवी, १३२ मुलं, माझ्यासह पाच शिक्षक. या शाळेत मला अकरा वर्षं झाली होती आणि ३१ मे २०२५ ला मी निवृत्त होणार होते. जाण्याआधी एक गोष्ट करायची मनात होती. कशी करायची ते सुचत नव्हतं. ते सुचलं एका फोनमुळे.

दिवाळीनंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. चौथीत माझ्या वर्गात होती, आता अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसला असते. तिची मुलगी तिथल्या शाळेत जाते. म्हणाली, "बाई, इथे नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग असतो ना, त्याच्या आधी मुलीच्या मुख्याध्यापिकाबाई सगळ्या पालकांना पत्र पाठवतात. यंदाचं वाचताना तुमचीच आठवण आली." आणि तिने ते पत्र तिथल्या तिथे मराठीत करून मला वाचून दाखवलं. त्यात निकालाचा, बक्षिसांचा उल्लेख नव्हता. बस चालवणारे, जेवणघरातल्या बायका, रस्ता ओलांडताना पाटी धरून उभे राहणारे आजोबा, रात्री वर्ग पुसणारा माणूस, वाचनालयात पुस्तकं लावायला येणाऱ्या आया. एकेकाने काय केलं ते लिहून त्याबद्दल आभार मानले होते. "तुमच्यामुळे ही शाळा उघडते," असं एक वाक्य होतं. ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

थँक्सगिव्हिंगबद्दल तिनेच समजावून सांगितलं. १६२१ मध्ये प्लिमथला इंग्लंडहून आलेल्या लोकांनी पहिलं पीक घरात आल्यावर जेवणावळ केली, त्यात तिथले मूळ रहिवासी वांपनोआग लोकही जेवले. मका कसा लावायचा ते या नव्या लोकांना मूळ रहिवाशांनीच शिकवलं होतं. पुढे १८६३ मध्ये लिंकन यांनी हा दिवस देशभर पाळायचं जाहीर केलं आणि १९४१ मध्ये कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरला. मूळ रहिवाशांपैकी बरेच जण मात्र तो दिवस शोकाचा मानतात, कारण नंतर त्यांच्या जमिनी गेल्या, माणसं गेली. हेही तिने सांगितलं, ते मला आवडलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी दोन्ही बाजू सांगते, याचा आनंद वेगळाच.

कॅलेंडर पाहिलं तर २०२४ मध्ये तो चौथा गुरुवार २८ नोव्हेंबरला. म्हणजे महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन. १८९० साली याच तारखेला जोतिराव गेले. सकाळी शाळेत प्रतिमापूजन असतंच. मग संध्याकाळही त्याच दिवशी ठेवू, असं ठरलं. थँक्सगिव्हिंग करायचा नव्हता, तो त्यांचा सण आहे. पण वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस कामाला हात लावू द्यायचा नाही आणि आपल्या हाताने खाऊ घालायचं, ही रीत आपल्याकडेही आहे. पोळ्याला आपण तेच करतो. बैलासाठी ती पाळली, माणसांसाठी राहून गेली.

आणि खानदेशात थंडी पडू लागल्यावर माणसांना जेवायला बोलवायचं म्हणजे भरीत. दुसरं काही सुचवायची हिंमत आमच्या गावात कोणी करणार नाही.

आचारी शोधायला लागले तेव्हा मनात जुनी धास्ती होती. काही वर्षांपूर्वी एका निरोप समारंभाला आम्ही दुसऱ्या एकांकडून भरीत मागवलं होतं. गॅसवर भाजलेली वांगी, मिक्सरमधून काढलेली, त्यात टोमॅटो, आणि डब्यातून आलेलं गार. भरितात टोमॅटो! लोकांनी वाईट वाटू नये म्हणून खाल्लं. ज्यांचा निरोप होता ते गुरुजी मात्र काही न बोलता ताकभात जेवले. ते माझ्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. म्हणून आप्पांना फोन केला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "भाजणार कुठे?" ते म्हणाले, "तुमच्या अंगनात. पऱ्हाट्या तुमी द्या, नही तं मी आनतो." पऱ्हाट्या म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या.

मग प्रश्न त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नांवरूनच मी माणूस ओळखला. मोठी माणसं किती, लहान किती? पाण्याची टाकी कुठे, जमिनीवर की गच्चीवर? सटीआधी वांगं न खाणारे किती? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आमच्याकडे काही घरांत चातुर्मासात वांगं-कांदा सोडलेला असतो, तो चंपाषष्ठीला, म्हणजे सटीला, खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवूनच धरतात. सटीला अजून नऊ दिवस होते. मी घरोघरी विचारून घेतलं, अकरा जण निघाले. आप्पा म्हणाले, त्यांच्यासाठी वरण-बट्टी आणि गंगाफळाची भाजी, कांदा-लसणाशिवाय, वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या पळीने.

शेवटी त्यांनी विचारलं, "खिचडी शिजवनाऱ्या बाया हाताखाली येतीन ना?" कुठल्याही शाळेत कार्यक्रम असला की हे गृहीत असतं. भाजी चिरायला त्या, भांडी घासायला त्या, आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी त्या, उरलं तर. मी म्हटलं, "आप्पा, त्याच तर पाहुण्या आहेत. त्यांनी चमचासुद्धा उचलायचा नाही." पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "मंग माह्या दोन बाया जास्त आनतो. त्याचे पैसे नही." या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे.

आमच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी आहेत. मुलं दोघींनाही मावशीच म्हणतात. थोरल्या मावशींना या कामात सोळा वर्षं झाली. पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हे माप त्यांच्या हाताला असं बसलंय की पटावर आज किती मुलं आहेत ते मी हजेरी घ्यायच्या आधी त्या पातेलं पाहून सांगतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शिधा मोजून मुलांच्या घरी पोचवायचा होता. तोंडाला पदर बांधून दोघींनी पिशव्या भरल्या, पाड्यापर्यंत चालत नेल्या. २०२४ मध्ये २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. आमची शाळा केंद्र. १९ च्या रात्री मतदान पथक मुक्कामाला आलं, त्यांना पिठलं-भाकरी यांनीच करून घातली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दिवा दिसला म्हणून आल्या.

तर २८ तारीख. सकाळी प्रतिमापूजन झालं, सातवीच्या मुलींनी सावित्रीबाईंवर आणि १८४८ च्या भिडेवाड्यातल्या शाळेवर सांगितलं. दुपारची खिचडी नेहमीसारखी झाली. तीनच्या सुमाराला आप्पांचा टेम्पो आला. ते, त्यांच्या घरच्या ताई, मुलगा आणि पाच बाया. साठ किलो वांगी. बामणोदची म्हणजे कशी, ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जांभळी नव्हेत, फिकट हिरवी, हातभर नाही पण वीतभर सहज, वजनाला जड, आत बिया अगदी कमी आणि गर लुसलुशीत. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही मिळालं. आप्पांनी एकेक वांगं हातात घेऊन देठापाशी दाबून पाहिलं आणि सहा-सात बाजूला टाकली. मला वरून त्यात काही खोट दिसली नाही. त्यातलं एक चिरून दाखवलं तर आत कीड.

अंगणाच्या कोपऱ्यात, मुलांच्या कबड्डीच्या जागेपासून लांब, पऱ्हाट्यांचा ढीग रचला. गेल्या साली उपटलेल्या कपाशीच्या, वर्षभर वाळलेल्या. ओली काडी धूर करते आणि वांग्याला कडू वास लागतो, असं आप्पा म्हणाले. प्रत्येक वांग्याला सुरीने तीन-चार टोचे मारले, म्हणजे फुटत नाही. मग जाळ. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते, म्हणून सारखी सारत राहावी लागते. वांगी आधी फुगली, साल काळी पडून तडकली, मग एकेक करून खाली बसली, जणू आतला जीव मऊ झाला. देठ तेवढा हिरवा. मुलं गोल करून उभी.

पाड्यावरून येणारा पाचवीतला एक मुलगा आहे. वर्गात त्याचा आवाज मी वर्षात चार वेळा ऐकला असेल. घरी पावरी बोलतात, मराठीत बोलायला तो बुजतो. जाळ एका बाजूला विझत चाललेला त्याने पाहिला, लांब काठी घेतली आणि पऱ्हाट्या खालून अशा सरकवल्या की वारा आत शिरला आणि जाळ एकसारखा झाला. आप्पांच्या मुलाने काठी काढून घ्यायला हात पुढे केला. आप्पा म्हणाले, "राहू दे. त्याले येते." अर्धा तास तो मुलगा तिथून हलला नाही, आणि आप्पांनी दर वेळी वांगं काढताना त्याला विचारलं, "झालं का रे?" तो मान हलवायचा. पुढे "झालं" म्हणाला. मग "हे नाही, ते" म्हणाला. आम्ही पाच शिक्षक हे पाहत होतो. आमच्यातल्या एका गुरुजींनी सोमवारपासून भाषेच्या तासाला काय करायचं, ते त्या जाळाजवळच ठरवलं.

भाजलेली वांगी पातेल्यात झाकून ठेवली, घाम सुटू दिला, म्हणजे साल हाताने निघते. मग खोलगट लाकडी भांडं आणि लाकडीच मुसळ. ठेचायचं, वाटायचं नाही; दोरे राहिले पाहिजेत. हिरवी मिरची आणि लसूण वेगळा ठेचलेला. कढईत शेंगदाण्याचं तेल, त्यात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तांबूस होईपर्यंत, मग मिरची-लसूण, मग पातीचा कांदा, आणि वर ते ठेचलेलं वांगं. मीठ, कोथिंबीर. संपलं. हळद नाही, मसाला नाही. धुराचा वास हाच मसाला. मिरची, शेंगदाणा आणि गंगाफळ ही तिन्ही मुळात अमेरिका खंडातून आपल्याकडे आली, हे मी तिथेच सहावी-सातवीला सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मग बाई, वांगं?" वांगं आपलं. तिचा चेहरा खुलला.

सहापर्यंत माणसं जमली. शेतातून परस्पर आलेली, हातपाय धुऊन आलेली, ट्रॅक्टरवरून आलेली. पाड्यावरच्या आया लेकरं कडेवर घेऊन, जरा अंग चोरून भिंतीपाशी उभ्या. जेवणाआधी मला वाचायचं होतं. एक्केचाळीस नावं, प्रत्येकापुढे एक ओळ. "सर्व ग्रामस्थांचे आभार" हे वाक्य मी अकरा वर्षांत प्रत्येक २६ जानेवारीला म्हटलंय आणि ते कोणालाच लागत नाही, हे मला कळत होतं. म्हणून या वेळी त्या टेक्सासच्या बाईंसारखं केलं. कोणी काय केलं, तेवढंच.

हातपंप आटला त्या उन्हाळ्यात ज्यांनी आपल्या बोअरची नळी शाळेपर्यंत आणली, आणि स्वतःच्या केळीला पाणी कमी पडत असतानाही सकाळचा एक तास शाळेचा ठेवला, ते दादा. अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी आठवड्याची केळी देतात आणि घड मोजून पैसे कधी घेतले नाहीत, ते काका. ॲपे रिक्षावाले भाऊ; पाऊस असला की पाड्याच्या मुलांना नाल्यापलीकडून आणतात. नातवाला सोडायला येऊन अंगण झाडून जाणाऱ्या आजी. त्यांना मी पहिल्या वर्षी "नका हो झाडू" म्हटलं होतं, तर म्हणाल्या, "माह्या दाराम्होरं घान राहू देऊ का?" मुलींचं स्वच्छतागृह रोज धुणाऱ्या ताई. त्यांचं नाव वाचताना माझा आवाज अडला. कारण सहावी-सातवीच्या मुली आमच्या शाळेत महिन्याचे सगळे दिवस येतात, आणि त्याचं श्रेय आमच्या शिकवण्याला जितकं आहे तितकंच त्या ताईंच्या खराट्याला आहे. असं मी वाचलं, जसंच्या तसं. त्या खाली मान घालून पदराचं टोक पिळत होत्या. त्यांची सातवीतली मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

मग पहिली पंगत. पाटावर नाही, सतरंजीवर, पण पुढे रांगोळी. ती शिक्षिकांनी काढली होती. वाढायला सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, आम्ही पाच जण आणि आप्पांच्या बाया. थोरल्या मावशी पंगतीत बसल्या त्या अगदी शेवटी, स्वयंपाकखोलीच्या दाराजवळ, एक पाय दुमडून आणि एक उभा. उठायच्या तयारीतच. मी म्हटलं, मधे बसा. बसल्या, पण कान चुलीकडे. पुरी कढईत पडली तो आवाज ऐकला आणि तिकडे न बघता म्हणाल्या, "तेल जादा तापलं." खरंच, पहिला घाणा लाल झाला. त्या उठायला लागल्या. आप्पांच्या घरच्या ताई पळीसकट आल्या, मावशींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बस वं माय. आज उठाचं नही." आणि खांद्यावरचा हात चांगला मिनिटभर काढला नाही. मावशी बसल्या. मग दुसरा पायही दुमडला, नीट मांडी घातली.

मी त्यांच्या पानात भरीत वाढलं. त्यांचा हात आडवा आला, "बस, बस मॅडम." त्यांच्या बोटांवर वाफेने भाजल्याच्या जुन्या खुणा आहेत. एक माझ्यासमोर झालेली, २०१९ च्या पावसाळ्यात, झाकण निसटलं तेव्हाची. मी आणखी एक पळी वाढली. तीन घास झाल्यावर त्यांनी मला नाही, आप्पांना हाक मारली: "मिरची कोनती वो?" आप्पा हातातलं काम सोडून आले आणि दोघं मिरचीवर बोलत राहिले, एका आचाऱ्याने दुसऱ्या आचाऱ्याशी बोलावं तसे. हे मी कुठल्या केटरिंगमध्ये पाहिलं नाही. बाकीचे आचारी यजमानाशी बोलतात, सरपंचाशी बोलतात.

आता चव. भरीत अप्रतिम. धूर जिभेवर आधी येतो, मग मिरची, आणि शेवटी वांग्याचा गोडवा. तेल वर तरंगत नव्हतं, पण बोटांना लागत होतं, तेवढंच असावं. लहान मुलांसाठी मिरची कमी घातलेलं वेगळं काढलं होतं, न सांगता. कळण्याची भाकरी, ज्वारी आणि उडदाची, चुलीवर भाजलेली, कडा कुरकुरीत; संध्याकाळचा सगळ्यात उत्तम पदार्थ कोणता विचाराल तर मी हीच म्हणेन. सोबत मुळा, कांद्याची पात, ठेचा, कढी. बट्ट्या मी चाखल्या, तुपात बुडवलेल्या, आत कोरड्या राहिलेल्या नव्हत्या. गंगाफळाची भाजी गोडसर. त्या ताटाचा फोटो मी डॅलसला पाठवला. तिच्याकडे सकाळचे साडेसात. लगेच उत्तर आलं की आज तिच्याही घरी भोपळ्याचाच गोड पदार्थ आहे, फक्त तिकडे तो पोळीसारख्या कवचात भाजतात.

आता जे जमलं नाही ते. कळण्याच्या भाकऱ्या दुसऱ्या पंगतीतच संपल्या. आप्पांनी साठच केल्या होत्या, दुप्पट लागल्या असत्या. तिसऱ्या पंगतीला पुऱ्या गार गेल्या, आणि त्या पंगतीत पाड्यावरची बरीच मंडळी होती. याचं मला फार वाईट वाटलं. चूक माझीही आहे, मी त्यांना दुसऱ्या पंगतीला बसवायला हवं होतं. पण गार पुरी गारच. कढी पातळ होती, ताक आंबट नव्हतं. पत्रावळी पळसाच्या आणतो म्हणाले होते, आल्या प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या. मी तिथेच बोलले, कारण मुलांना आम्ही प्लास्टिक वापरू नका म्हणून शिकवतो. आप्पांनी वाद घातला नाही, तीनशे रुपये कमी केले. आणि निखाऱ्यांवर पाणी मारून गेले पण राख-कोळसा उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिक्षकांनी तो गोळा केला, मुलं अनवाणी खेळतात तिथे. हे पुढच्या माणसाने आधीच ठरवून घ्यावं.

हिशेब असा: मोठ्यांचं ताट १५० रुपये, लहानांचं ८०. मोठे १२०, लहान ७०. टेम्पोचे ८०० वेगळे. तीनशे वजा जाऊन एकूण २४,१००. जास्तीच्या दोन बायांचे पैसे खरंच लावले नाहीत, मी द्यायला गेले तर मुलाने हात मागे घेतला. निम्मा खर्च मी केला, बाकीचा चौघा शिक्षकांनी. शाळेच्या खात्यातला एक रुपया नाही, हे मुद्दाम सांगते. तेव्हा आठ दिवस आधी तारीख सांगावी लागत होती, ३,००० आगाऊ. शुक्रवार-शनिवार मिळणं कठीण.

रात्री साडेनऊला शेवटची माणसं गेली. स्वच्छतागृह धुणाऱ्या ताई जाताना माझ्याजवळ आल्या. मी नावं वाचलेला कागद त्यांना हवा होता. म्हणाल्या, "मले वाचता येत नही, पन पोरगी वाचून दाखवीन." माझ्या हातात होता तोच दिला.

शुक्रवारी सकाळी दहाला मावशी आल्या, चूल पेटवली, पातेलं घासलं. मी स्वयंपाकखोलीच्या दारात गेले आणि विचारलं, कालचं जेवण कसं होतं? तांदूळ निवडता निवडता त्यांनी मान वर केली.

"भरीत चांगलं होतं मॅडम. त्याले नाव ठेवाले जागा नही." थोडं थांबल्या, सुपातला खडा बाजूला टाकला. "पुरीले मोहन कमी होतं. म्हनून गार झाल्यावर वातड झाली. त्यांच्या बाईले सांगजा."

मी फोन करून सांगितलं.